गिटारवाल्याचं नववं रीळ

उभ्या नोकरीत मी एकच सिनेमा पूर्ण दाखवला, आणि नेमका तोच अर्धामुर्धा दाखवायला हवा होता.

लातूरच्या एका टॉकीजमध्ये मी एकतीस वर्षं काढली. सुरुवातीला बायकांच्या तिकीटखिडकीत, पुढे मॅनेजर म्हणून. तेवढ्या काळात कापून, वगळून, जोडून, कधी चुकून मागचं पुढे लावून आम्ही शेकडो सिनेमे लोकांच्या गळी उतरवले. कुणाचं काही बिघडलं नाही. पण त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात, किल्लारीच्या पलीकडच्या एका गावात, ठेवणीतली इरकल नेसून मी मोठ्या दिमाखात जाहीर केलं, "आज एक फूटसुद्धा वगळणार नाही! सगळाच्या सगळा दाखवणार!" आणि ज्यांच्या अंगावर छप्पर पडलं होतं त्या माणसांना पत्र्याच्या शेडात बसवून मी छप्पर पडताना दाखवलं. तेही विनोदी प्रसंग म्हणून.

नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आज्जी, तू आधी बघितला नव्हतास का?" हाच प्रश्न तेव्हा एका दहा वर्षांच्या पोरीनंही विचारला होता. पण त्याचं उत्तर कळायला आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल.

साठच्या आसपास परदेशातून रॉक अँड रोल आला, त्याच्या पाठोपाठ ट्विस्ट. मोठ्या निर्मात्यांनी तो एखाद्या गाण्यात घातला. छोट्या निर्मात्यांनी मात्र त्याचाच अख्खा सिनेमा केला. नाचाचं वेड ओसरायच्या आत तो लागला पाहिजे, म्हणून तीन-चार आठवड्यांत उरकायचा. सेट एकच, हॉटेलचा. पडदे ओढले की ते हिरॉइनचं घर, फुगे टांगले की क्लब, आणि फुगे काढून एक टेबल नि टोपी ठेवली की पोलीस ठाणं. हिरो गॅरेजात कामाला, पण कपड्यांना डाग नाही. गळ्यात गिटार, बोटं तारांपासून चार अंगुळं लांब, आणि ऐकू येणार पिपाणी. हिरॉइनचा बाप श्रीमंत आणि तापट. सगळा सिनेमाभर तो "बंद करो ये तमाशा" म्हणणार आणि शेवटच्या रिळात त्याचाच पाय ठेका धरणार. पाय हलला की लग्न ठरलं म्हणून समजा.

मी नांदेडची. अकरा-बारा वर्षांची असताना आत्यानं असा एक सिनेमा दाखवला आणि माझं डोकं फिरलं. ट्विस्ट करायला मला फार सोपा वाटला: हातांनी रवी घुसळायची आणि पायांनी पोतेरं फिरवायचं. आमच्या घरी ताक करायचं काम माझ्याकडे होतं. मी रवीची दोरी धरून तोच नाच सुरू केला. दहा मिनिटांनी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लोणी कवाच आलंय, आता थांब. दह्याला तरी दम घेऊ दे." आपण मुंबईत असतो तर हिरॉइन झालो असतो, अशी माझी तेव्हा खात्री होती. दात पुढे होते, ते सोडा.

तर पुढे लग्न होऊन लातूरला आले, खिडकीत बसले, आणि बघते तर काय, तसलाच एक सिनेमा आमच्या टॉकीजच्या मागच्या खोलीत डब्यांत पडून होता. वितरकाला तो परत नेण्यात रस नव्हता. खरं नाव सांगून उपयोग नाही, तो काढणाऱ्यालाही आठवणार नाही. आम्ही आणि गिऱ्हाईक त्याला 'गिटारवाला' म्हणायचो. नवा सिनेमा तीनला, सहाला आणि नऊला. दुपारी बाराला गिटारवाला. मोंढ्यात माल घेऊन आलेले शेतकरी सौदा होईपर्यंत आणि एस.टी. मिळेपर्यंत कुठे बसणार? आमच्याकडे सावली होती, पंखे होते, वर नाच. कित्येकांनी तो वीस-वीस वेळा पाहिला. मोंढ्यातून हाळी यायची, "ओ बाई, गिटारवाला हाय का आज?"

आता अडचण अशी की तो सिनेमा चौदा रिळांचा. सगळा लावला तर तीनच्या खेळाला उशीर. म्हणून एक रीळ वगळायचं. वगळायचं कोणतं, तर जे काढल्यानं गोष्ट लंगडत नाही ते. गिटारवाल्यात ते नववं होतं. माझ्या आधीच्या कुणीतरी त्या डब्यावर पांढऱ्या रंगानं फुली मारून ठेवली होती. ती फुली मी रोज बघत होते आणि डबा कधी उघडला नाही. गिटारवाला मला तोंडपाठ होता. त्यातलं एक रीळ मला ठाऊकच नाही, हे मी पार विसरले होते.

मधे एक बरी आठवण सांगून घेते, कारण पुढची सांगायला अजून जड जातं.

भूकंपानंतर पाच-सात वर्षांत लातूर शिकवण्यांनी भरून गेलं. गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येऊ लागली. आमच्या मालकांनी सकाळी टॉकीज एका फिजिक्सच्या सरांना भाड्यानं दिली. पडद्याखाली फळा, सरांच्या हातात माईक, आणि खुर्च्यांत सहाशे मुलं. साडेअकराला क्लास सुटायचा, बाराला गिटारवाला सुरू व्हायचा. निम्मी मुलं जागची उठायचीच नाहीत.

एका दुपारी माझ्यासमोर एक गृहस्थ आले. अर्धापूरकडचे केळीवाले, धोतर पांढरंशुभ्र, तोंड लालबुंद.

"बाई, आमची पोरगी आत हाय का?"

"काका, आत शंभर पोरी आहेत. तुमची कोणती?"

"डॉक्टर होणारी."

"सगळ्याच डॉक्टर होणाऱ्या आहेत."

"मंग मी आत जाऊन बघतो."

"बायकांच्या बाजूला पुरुषांना सोडत नाही. तिकीट काढा, पुरुषांकडे बसा, आणि मध्यंतरात दिवे लागले की बघा."

ते बसले. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा मधल्या वाटेच्या एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला तोंडात शेंगदाणे भरलेली लेक. मी दारातून बघत होते. पण दिवे गेले तरी ते उठले नाहीत. खेळ सुटल्यावर लेक मान खाली घालून मागे, हे पुढे. माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाले, "लई बोलणार होतो तिला. पर त्या बापाचा पाय हलला तवा माझाबी हलला हो. पोरीनं बघितलं." ती पोरगी डॉक्टर झाली की नाही, मला माहीत नाही. बाप मात्र पुढे दर फेरीला बाराच्या खेळाला हजर असायचा.

आता ते नववं रीळ.

भूकंप झाला त्याला तीनेक महिने झाले होते. लातूरला आमच्या भिंतीला नुसती चीर गेली होती. तिकडे गावंच्या गावं गेली. देशमाने गुरुजी तिकडच्या एका शाळेवर होते. शाळा म्हणजे आता पत्र्याचं लांबलचक शेड. कामासाठी लातूरला आले असताना वेळ काढायला म्हणून ते आमच्याकडे बाराच्या खेळाला बसले. सुटल्यावर माझ्याकडे आले.

"बाई, हे आमच्या गावात येऊन दाखवाल का?"

"हे? गुरुजी, काही देवाधर्माचं बघू की. गिटारवाला काय दाखवायचा?"

"देवाधर्माचं सगळे दाखवून गेले. रोज कुणी ना कुणी येतं, धीर देतं आणि रडवून जातं. हे बघताना मी हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा."

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. महादेवी नावाची त्यांच्या चौथीतली मुलगी होती. घरात त्या पहाटे सहा जणं झोपलेली. निघाली ती एकटी. तिचा आज्जा शेतात राखणीला होता म्हणून वाचला. आता दोघंच. महादेवी छपराखाली जात नव्हती. घरच्या शेडात नाही, शाळेच्या शेडात नाही. शाळा भरली की ती बाहेर उन्हात पाटी घेऊन बसायची आणि गुरुजींचा आवाज ऐकून लिहायची. झोपायलाही बाहेरच. ती बाहेर म्हणून आज्जाही बाहेर, तिच्या उशाशी, घोंगडीत. आणि आज्जाला दमा.

"थंडी वाढत चाललीय बाई," गुरुजी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय, हा माणूस उघड्यावर राहिला तर हिवाळा काढणार नाही. तो म्हणतो, पोर आत आली की मी आत. मला त्या पोरीला कसंही करून आत आणायचंय. आज्जा गेला तर तिला कोण आहे?"

मालकांनी परवानगी दिली. फिरत्या टॉकीजचं जुनं मशीन आमच्याकडे होतं, ते आणि एक जनरेटर जीपमध्ये टाकला. ऑपरेटर करीमभाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मशीनशी माणसाशी बोलावं तसं बोलणारे. निघताना त्यांनी सवयीनं फुलीचा डबा बाजूला ठेवला. मी म्हटलं, "करीमभाई, तोही घ्या. त्या लोकांना काय तुकडे दाखवायचे? पूर्ण दाखवू."

"बाई, इस को तो बरसों से किसीने चलाया नहीं."

"मग आज चालवू."

काय तो माझा मोठेपणा! गावाला कपडे दिले जात होते, धान्य दिलं जात होतं, मी एक रीळ जास्तीचं देत होते.

दुपारी शेडाच्या खिडक्यांवर ताडपत्र्या बांधून अंधार केला. दीडशे-दोनशे माणसं जमली. माझं ते भाषण झालं. एकच मशीन असलं की दर रिळानंतर थांबावं लागतं, दहा-बारा मिनिटांनी. तेवढ्यात दाराची ताडपत्री वर करायची, वारा घ्यायचा, मग पुढचं रीळ. त्या थांबण्याचा मला एरवी राग यायचा. त्या दिवशी तेच कामाला आलं.

पहिलं रीळ संपलं, ताडपत्री वर केली, तर वीसेक पावलांवर एक बारकी पोर उभी. दोन वेण्या, अंगात कुणीतरी दिलेला मापापेक्षा मोठा स्वेटर. तिच्या मागे काठी टेकून आज्जा. गुरुजींनी मला डोळ्यांनी खुणावलं: हीच. दुसऱ्या रिळानंतर ती दहा पावलांवर होती. चौथ्यानंतर ताडपत्रीला नाक लावून. पाचव्यात हिरोची ती गंमत आहे, नाचता नाचता तो वेटरच्या हातातल्या ट्रेवरून केळं उचलतो. शेडात हशा पिकला आणि दाराशी एक बारीक हसू ऐकू आलं. सातव्या रिळात ती उंबरठ्याच्या आत होती. आठव्यात मी जरा सरकून सतरंजीवर जागा केली. ती माझ्याकडे न बघता बसली. तिचा खांदा माझ्या दंडाला लागला. दारात आज्जा उभा, एक पाय आत, एक बाहेर. मी तेव्हा इतकी फुगले होते की विचारू नका. पडद्याकडे लक्ष नव्हतंच. आता लोक म्हणतील, बाईनं करून दाखवलं.

आणि करीमभाईंनी नववं रीळ लावलं.

तुम्हाला एक सांगते. बाकीची तेरा रिळं वर्षानुवर्षं चालून झिजली होती, पडद्यावर सतत रेघांचा पाऊस, आवाजात खरखर. नववं मात्र कोरं करकरीत. चित्र काचेसारखं आणि आवाज घणघणीत.

त्यात एका जुनाट माडीवर हास्यनटानं नाचाची शाळा काढलेली. आठ विद्यार्थी रॉक अँड रोल करतायत. खाली घरमालक जेवायला बसलाय. वर पाय आपटले की त्याच्या ताटात माती पडते. आधी शेड हसलं. मग टांगलेला दिवा हलायला लागला, आणि शेड गप्प झालं. भिंतीवरची तसबीर तिरपी झाली. चीर धावत वर गेली. मी "करीमभाई" म्हणून ओरडले की नुसतं मनात म्हटलं, मला आठवत नाही. कडाडकन तुळई खाली आली, मागोमाग सगळी माडी. पडदा नुसत्या धुळीनं पांढरा.

कुणीतरी किंचाळलं. मग सगळेच उठले. आता मी सर्वांना शांत केलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. खरं असं, की सगळ्यांच्या आधी दारातून बाहेर कोण पडलं असेल तर ती मी. इरकलीचा पदर ताडपत्रीच्या दोरीत अडकून फाटला, तेव्हा मागे वळून पाहिलं. मला वाटलं होतं, खरंच हलतंय. आणि शेजारी बसलेल्या पोरीचा हात मी धरला नव्हता.

करीमभाईंनी मशीन बंद केलं. माणसं मोकळ्या जागेत उभी राहिली, एकमेकांना हाका मारत. एक बाई माझ्यासमोर येऊन म्हणाली, "एकदा बघितलं ते कमी पडलं व्हय बाई? म्हणून परत दावायला आलीस?" गुरुजी रागावले नाहीत. ते नुसते खाली बघत राहिले, आणि ते फार वाईट होतं.

महादेवी सगळ्यांच्या पुढे, पार खळ्यापाशी जाऊन उभी होती. आज्जा धापा टाकत तिच्यामागे पोचला होता. छातीचा भाता लांबून ऐकू येत होता. मी जवळ गेले. "महादेवी, चुकलं गं माझं," एवढंच म्हणाले.

तिनं ते ऐकलंच नाही. म्हणाली, "आतली निघाली का?"

"कोण आतली?"

"नाचणारी. आठ होती."

माझं आयुष्य खिडकीत गेलं होतं. 'पुढे जागा छान आहे', 'पंखा डोक्यावरच आहे', अशी रोज शंभर खोटी तोंडातून सहज निघायची. तिथं 'निघाली' हे तीन अक्षरांचं खोटं काही निघेना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "ते रीळ मी कधी बघितलंच नाही."

"तुमचाच शिनेमा न्हवं?"

"माझाच."

"आन् बघितला न्हाई?"

"नाही."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. वर्गात सगळ्यांत ढ मुलाकडे बघावं तसं. म्हणाली, "मग बघा की."

मी शेडाकडे निघाले. मागे वळून पाहायचं धाडस नव्हतं, पण पावलं ऐकू येत होती. करीमभाई म्हणाले, "बाई, फिर से? लोग मारेंगे." मी म्हटलं, "उरलेलं लावा. मला बघायचंय." रिकाम्या शेडात मी मधोमध उभी राहिले. माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, ती. आज्जा दारात.

धूळ बसली. ढिगातून हास्यनटाचं डोकं वर आलं. घरमालक ताटासकट निघाला. मग एकेक विद्यार्थी खोकत, कपडे झटकत बाहेर येऊ लागले. महादेवी बोटांवर मोजत होती. पुढे गुरुजींनी मला सांगितलं, घराच्या ढिगाशी बसून ती दोन दिवस अशीच बोटं धरून होती.

"पाच. सहा. सात."

चित्र बदललं. रीळ संपलं.

"सातच," ती म्हणाली. "ठिपक्यांच्या फ्रॉकाची राहिली."

हा स्वस्त सिनेमांचा जुना रोग. एक्स्ट्रा मुली रोजावर आणलेल्या. माडी पडल्याचं शूटिंग एका दिवशी, बाहेर निघाल्याचं दुसऱ्या दिवशी, त्या दिवशी एक आली नाही. मोजतंय कोण? मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. माडी पुठ्ठ्याची असते, तुळई पोकळ, धूळ म्हणजे चुना. ती मुलगी काम संपवून घरी गेली असेल.

"घरी गेली?" महादेवी म्हणाली. "जाताना कुणी बघितलं?"

करीमभाई मशीन पुसता पुसता म्हणाले, "बेटी, अजून पाच डबे आहेत. दिखेगी तो दिखेगी. मैं कुछ बोलता नहीं. बैठ के देख."

ती बसली. मीही बसले.

दहावं रीळ सुरू झालं तेव्हा दाराशी दोन-चार बायका आल्या. "काय चाललंय?" "आठवी निघाली न्हाई म्हणं." "कोण आठवी?" "ती ठिपक्याच्या झग्याची." बातमी खळ्यापर्यंत गेली. अकराव्याला निम्मं शेड भरलं. मला तोंडावर बोललेली ती बाई पण येऊन माझ्यापुढेच बसली. आता हिरोकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हिरॉइन रडत होती, तर लोक तिच्या मागच्या गर्दीत बघत होते.

"ती का गं?"

"न्हाई, ही ठेंगणी हाय."

"ती बघा, खांबाआड!"

"आगं, तो गडी हाय."

बारावं गेलं. तेरावं गेलं. मला तो सिनेमा पाठ होता आणि ठिपक्यांचा फ्रॉक कुठं पाहिल्याचं काही केल्या आठवेना. हिरोच्या बुटांची नाडी कशी बांधलीय तेसुद्धा सांगितलं असतं मी. पण मागे नाचणाऱ्या पोरी? त्यांच्याकडे इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. उरलं एकच रीळ. मी काय काय नवस बोलले ते सांगत नाही, त्यातले दोन अजून फेडायचे आहेत.

चौदाव्यात क्लबातली शेवटची नाचाची स्पर्धा. हे रीळ सगळ्यांत झिजलेलं. लोक तेच पुन्हा पुन्हा मागायचे. रेघाच रेघा. गिटारवाल्यानं गिटार वर केली, बापाचा पाय हलायला लागला, आणि महादेवी ताडकन उभी राहिली.

"ती बघा! ती बघा, फुग्यामागं! निघाली!"

अख्ख्या शेडानं आरोळी ठोकली. पुढे हिरोचं लग्न ठरलं की मोडलं, कुणालाही कळलं नाही. ती माझ्यापुढे बसलेली बाई तोंडात पदर कोंबून रडत होती आणि हसतही होती.

मी पाहिलं का? पाहिलं. फुग्यामागे एक मुलगी नाचत होती. अंगावर ठिपके होते. पुढच्या आठवड्यात मी ते रीळ रिकाम्या टॉकीजमध्ये एकटीसाठी चार वेळा लावून घेतलं. ठिपके फ्रॉकवरचे की झिजलेल्या प्रिंटचे, मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. करीमभाईंना विचारलं तर म्हणाले, "मशीन मेरी, नजर उसकी. उसने देखा तो देखा."

सिनेमा सुटल्यावर महादेवी आज्जाबरोबर निघून गेली. ती रात्री आत झोपणार की बाहेर, हे गुरुजींना विचारायची मला छाती झाली नाही. लातूरला मालकांनी जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि ते बरोबरच होतं. त्यानंतर कुठलाही सिनेमा, कितीही टाकाऊ असो, मी पहिल्या रिळापासून शेवटपर्यंत स्वतः बघितल्याशिवाय लावला नाही. मागच्या रांगेतल्या पोरींसकट.

संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले असतील. बाराच्या खेळाची वेळ. बायकांच्या खिडकीवरची पोरगी रजेवर म्हणून मी बसले होते. रांगेत कुरकुर सुरू झाली, "ओ आजोबा, ही बायकांची खिडकी हाय, तिकडं जा तिकडं." वाकून पाहिलं तर काठी, घोंगडी आणि महादेवीचा आज्जा. तूर घेऊन मोंढ्यात आला होता. तिकीट नको होतं त्याला. खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत खिडकीचे गज धरून उभा राहिला. रांगेतल्या बायकांनी मग त्याला जागा करून दिली. मग बोलला, आणि जे बोलला ते अक्षर न अक्षर देते:

"बाई, पोरगी आत झोपायलीय, पंधरा दिस झाले. बाहीर हाय तो मीच. सगळ्यास्नी सांगत होतो, पोरीपायी बाहीर झोपतो, पोरीपायी झोपतो. पर पत्र्याखाली गेलं की माझीच छाती उडती बघा. काल ती दाराला येऊन म्हणली, 'आज्जा, या की आत. भ्या वाटलं तर मला उठवा.' तवा आज जातो म्हणतो."